परीक्षा ओळखणारा विद्यार्थी

आपली परीक्षा नेमकी कशावर होणार हे ज्याला आधीच ठाऊक असते, त्याला मिळालेल्या गुणांवर किती विश्वास ठेवावा, हा प्रश्न साहित्याच्या अध्यापकाला नवा नाही. अपेक्षित प्रश्नसंच, ‘आयएमपी’ अशी खूण केलेली प्रकरणे, कादंबरी न उघडता तिच्यातील व्यक्तिरेखांवर लिहिलेली चार-चार पानांची उत्तरे, या साऱ्यांच्या सहवासात आमची नोकरी सरते. हाच प्रश्न संगणकाच्या ग्राफिक्स कार्डाविषयीही एकदा गांभीर्याने विचारला गेला होता, हे मात्र मला अलीकडेच समजले.

निमित्त घडले ते असे. एकोणिसाव्या शतकातील मराठी नियतकालिकांची स्कॅन केलेली पाने मी काही वर्षांपासून वाचते आहे. दिवसाचे चार-पाच तास हे काम केल्यावर डोळ्यांनी तक्रार सुरू केली, तेव्हा सत्तावीस इंची फोर-के पडदा आणि त्याला साजेसे कार्ड घ्यायचे ठरले. जोडणीसाठी माझाच एक जुना विद्यार्थी आला. बी.ए.ला मराठी घेतलेला हा मुलगा आता संगणक जोडून देण्याचा व्यवसाय करतो, आणि उत्तम करतो.

त्याने आधी पडद्याची परीक्षा घेतली. संपूर्ण पडदा काळा, मग पांढरा, मग लाल, हिरवा, निळा. काळ्यावर एखादा बिंदू पेटलेला राहिला किंवा पांढऱ्यावर विझलेला दिसला, तर तो पिक्सेल बिघडलेला. त्यानंतर काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत जाणाऱ्या करड्या छटांची पट्टी. तिच्यातील अगदी गडद छटा एकमेकींत मिसळून जातात की वेगळ्या राहतात, हे पाहायचे. माझ्या कामाच्या दृष्टीने ही पट्टी सर्वांत मोलाची. जुन्या पानाचा कागद पिवळा पडलेला असतो, शाई विटलेली असते, आणि मागच्या पानावरची अक्षरे पुढे उमटलेली असतात. त्या तिघांतला भेद छटांच्या या अल्पशा अंतरावरच अवलंबून असतो.

मग कार्डाची परीक्षा. एक ठरावीक त्रिमिती देखावा कार्डाने तिथल्या तिथे रेखाटत जायचे, सेकंदाला किती चौकटी रेखाटल्या हे मोजायचे, आणि शेवटी एक आकडा. ‘मॅडम, स्कोअर छान आला,’ तो म्हणाला. मी सवयीने विचारले, ‘पण आपली परीक्षा चालली आहे, हे कार्डाला कळते का?’

तो हसला. ‘कळायचं, मॅडम. म्हणजे कार्डाच्या ड्रायव्हरला कळायचं.’ पुढे त्याने जे सांगितले, ते मी नंतर ताडूनही पाहिले. २००१ साली एटीआय कंपनीच्या ‘रेडिऑन ८५००’ या कार्डाचा ड्रायव्हर ‘क्वेक थ्री’ हा खेळ त्याच्या फाइलीच्या नावावरून ओळखत असल्याचे उघडकीस आले. परीक्षकांनी नावातील ‘क्वेक’चे ‘क्वॅक’ केले. खेळ तोच, पण वेग घटला आणि चित्राचा दर्जा मात्र सुधारला. वेगाचे गुण मिळवण्यासाठी कार्ड त्या एका खेळापुरते चित्र गुपचूप ढोबळ करत होते.

२००३ सालचा प्रकार याहून सुरस आहे. ‘थ्रीडीमार्क०३’ या चाचणीत कॅमेरा दर वेळी त्याच आखलेल्या वाटेने फिरत असे. एनव्हिडियाच्या ड्रायव्हरला ती वाट पाठ होती. जिकडे कॅमेरा वळणारच नाही, तिकडचे आकाश, तिकडची जमीन रेखाटण्याचे श्रम तो वाचवी. चाचणी बनवणाऱ्या फ्यूचरमार्क कंपनीच्या विकसकांसाठीच्या आवृत्तीत कॅमेरा वाटेवरून खाली उतरवण्याची सोय होती. तो उतरवला, आणि देखाव्याची भगदाडे दिसू लागली. चाचणीत दुरुस्ती करून ओळख पुसल्यावर ‘जीफोर्स एफएक्स ५९०० अल्ट्रा’चे गुण सुमारे २४ टक्क्यांनी घसरले. (जून महिन्यात उभयतांनी संयुक्त निवेदन काढले, आणि फसवणूक हा शब्द मागे घेतला गेला. निकाल लागल्यानंतरची अशी निवेदने आपल्याकडेही अपरिचित नाहीत.)

मला या हकिगतीत लबाडीपेक्षा कॅमेरा खाली उतरवण्याची युक्ती अधिक मोलाची वाटते. आमच्या तोंडी परीक्षेचे वस्तुतः तेच काम असायला हवे. ‘नायिकेचे स्वभावचित्र रेखाटा’ या आखलेल्या वाटेवरून विद्यार्थ्याला हळूच बाजूला घ्यावे, आणि कादंबरीतल्या घराला अंगण होते का, एवढेच विचारावे. ज्याने कादंबरी वाचली असेल तो क्षणभर थांबतो, आठवतो, कदाचित चुकतोही. ज्याने केवळ वाट पाठ केली असेल, त्याच्या मागचे आकाश रेखाटलेलेच नसते. तथापि साठ विद्यार्थ्यांना अशा रीतीने तपासायला वेळ लागतो, आणि गुणपत्रिकेत अंगणासाठी रकाना नसतो.

परीक्षा प्रामाणिक असली तरी ती आपलीच असते असे नव्हे. माझ्या कार्डाचे गुण खरे होते. तरीही स्कॅन केलेले पान खाली सरकवताना ओळी अडखळत होत्या. शोधता शोधता कळले की पडद्याच्या मेनूत एचडीएमआयची निवड मुळातच १.४ या जुन्या मानकावर ठेवलेली होती. त्या मानकातून फोर-के चित्र सेकंदाला तीसच वेळा जाऊ शकते. साठ वेळा न्यायचे तर २.० लागते. कार्ड सेकंदाला शंभराहून अधिक चौकटी रेखाटत होते, आकडा त्यांचाच होता, आणि माझ्या डोळ्यांपर्यंत त्यांतल्या तीस पोचत होत्या. एक निवड बदलताच ओळी सुरळीत वाहू लागल्या. गुणांत काहीही फरक पडला नाही.

म्हणून मी स्वतःची प्रश्नपत्रिका काढली आहे. तीत जुन्या नियतकालिकांची तीन पाने आहेत. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी काढून टाकलेले अनुच्चारित अनुस्वार या पानांवर जागोजाग आहेत: नाहीं, कांहीं, त्यानें. पस्तीस ओळींचे पान पूर्ण उंचीत दाखवले, तर फुल एचडी पडद्यावर एका ओळीच्या वाट्याला सुमारे तीस पिक्सेल येतात, आणि अनुस्वाराच्या वाट्याला जेमतेम दोन-तीन. फोर-केवर ही संख्या दुप्पट होते. शिरोरेषेवरचा ठिपका बिघडलेला पिक्सेल असेल, तर पान सरकवल्यावर तो जागीच राहतो. एवढे सोपे आहे. अनुस्वार आणि शाईचा डाग मात्र दोघेही पानाबरोबर सरकतात. त्यांना ओळखायचे ते कडेवरून: अनुस्वाराची कड खिळ्याची असते, डागाची कागदाची. जुन्या पडद्यावर दोन्ही कडा सारख्याच धूसर दिसत. नव्या पडद्यावर पहिल्या आणि तिसऱ्या पानावरचे सारे ठिपके निर्विवाद सुटले. दुसऱ्या पानावर तळाकडून चौथ्या ओळीत एका क्रियापदावर जो ठिपका आहे, तो अनुस्वार मानला तर कर्ता अनेकवचनी होतो आणि परिच्छेदाचा रोख एका व्यक्तीऐवजी सबंध मंडळीवर जातो. माझ्या मते तो अनुस्वार आहे. त्याच पडद्यासमोर बसून माझे एक सहकारी तो डाग असल्याचे सांगतात.