पावतीवरची मादी

पावतीवर स्वच्छ अक्षरांत 'सर्व पिल्ले मादी' अशी नोंद असता आणि त्या नोंदीपोटी जादा दर रोख वसूल झालेला असता, पुढे त्याच पिल्लांपैकी जवळजवळ निम्म्यांनी तुरे मिरवीत आरवू लागावे, हा अन्याय मला अद्याप पचलेला नाही. टेंभुर्णीच्या आसपास उजनी धरणाचे पाणी आले, ऊस आला. त्या उसाच्या जोडीला घरखर्चासाठी अंड्यांचा धंदा बरा, एवढाच माझा हिशेब होता.

पुरवठादाराकडे तक्रार नेली, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "मालक, जिवंत माल आहे, थोडं इकडंतिकडं व्हायचंच." थोडे! नर-मादीचे निसर्गाचे प्रमाणच मुळी निम्मेनिम. तेव्हा निम्मे कोंबडे निघणे ही पारखणाऱ्याची चूक नव्हे, पिल्ले कोणी पारखलीच नव्हती याचा तो दाखला होय. सराईत पारख्याचे शेकड्यात चार-दोन चुकले, तर मी चकार शब्द काढला नसता. उपरांत उपदेश असा, की कोंबडे विकून टाका. जणू अंड्याच्या जातीचा हाडकुळा नर खाद्य खाईल तेवढे मांस धरतो!

गोल अंड्यातून तलंग आणि टोकदार अंड्यातून कोंबडा, ही समजूत निराधार आहे. पिल्लांतील नर-मादी पारखण्याची खरी विद्या १९२० च्या दशकात जपानात मासुई आदी संशोधकांनी सिद्ध केली. पुढे एका जाणकाराने ती मला दाखविली : एक दिवसाचे पिल्लू डाव्या मुठीत धरून त्याची विष्ठा हलकेच दाबून काढली, प्रखर दिव्याखाली गुदद्वार उलगडले आणि आतला टाचणीच्या डोक्याएवढा उंचवटा पाहून, माझी नजर तेथे पोहोचण्यापूर्वीच, निवाडा दिला. काही विशिष्ट संकरांत मादीच्या पंखांची मुख्य पिसे वरच्या पिसांहून लांब असतात, तेवढ्यावरूनही काम भागते. मात्र हा नियम सरसकट लावू नये.

परंतु ही पारख प्रामाणिकपणे होते, तेथे निवडलेल्या नरांची वाट काय? बहुधा पहिल्याच दिवशी मरण. जर्मनीने २०२२ पासून कायद्याने ते बंद केले. म्हणजे माझ्या अंगणातले कोंबडे लबाडीच्या कृपेने वाढले, आणि ते डौलाने फिरताना पाहून मला, खोटे कशाला सांगू, बरेही वाटे. म्हणून फरकाच्या रकमेवरील माझा हक्क बुडत नाही. पिल्ले घेणाऱ्यांनी मादीची हमी शेकडा किती आणि कोंबडे निघाल्यास भरपाई काय, हे पावतीवर सहीनिशी लिहून घ्यावे. तोंडी शब्दावर एक पिल्लूही उचलू नये.