इतवारींतील तिबेटी फराळ

इतवारींत खरेदीस गेलेल्या माणसास भूक लागल्यावांचून राहत नाहीं. सराफा ओळींतून निघावें, भांडे ओळींत चार पातेलीं वाजवून पाहावीं, रेशीम ओळींत शालूंच्या घड्या मोडायला लावाव्या आणि शेवटीं किराणा ओळींतील पोत्यांमधून वाट काढीत बाहेर यावें, तों दोन-अडीच तास सहज निघून जातात. रविवारच्या बाजारावरून नांव मिळालेल्या या पेठेंत ही भूक भागविण्याचीं साधनेंहि ठरलेलीं आहेत : तर्री-पोहे, आलुबोंडा, कचोरी आणि हात सढळ असला तर संत्र्याची बर्फी. अलीकडे त्यांत 'चायनीज' या नांवाखालीं मोडणाऱ्या हातगाड्यांची भर पडली आहे. त्यांच्या लाल दिव्यांकडे व त्याहून लाल शेवयांकडे आमच्या घरचीं मुलें जितक्या आशेनें पाहतात, तितक्याच संशयानें वडील माणसें पाहतात.

अशांत आमच्या पुतण्यानें एके दिवशीं बातमी आणली कीं, किराणा ओळीजवळच्या एका गल्लींत, माडीवर, कोणा तरुणानें तिबेटी पदार्थांचें लहानसें उपाहारगृह काढलें असून तेथें दीडशें रुपयांत एका माणसाचें पोट भरतें. एकत्र कुटुंबांत बाहेर जेवावयास जाणें ही खासगी गोष्ट नसते. त्यास सबंध घराची संमति लागते. थोरल्या वहिनींना मैद्याची भीति वाटली, काकांना अजिनोमोटोची. मातोश्री मात्र सगळें ऐकून घेऊन एवढेंच म्हणाल्या, "जा, खाऊन या. पण काय खाल्लंत ते घरी येऊन खरं सांगा. विटाळाचं मला आता काही वाटत नाही, खोट्याचं वाटतं."

१८९० सालीं पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें चहापान झालें, त्यावरून लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ति रानडे यांच्यासारख्यांवर ग्रामण्य गुदरलें, हें वाचकांस ठाऊक आहेच. वाद यजमानांच्या धर्मावरून होता हें खरें. परंतु ज्या पेयानें एवढा अनर्थ केला तें मूळचें चिनी, हें त्या धामधुमींत कोणाच्या ध्यानांत आलें असेल कीं नाहीं कोण जाणे. ज्या सोवळ्या स्वयंपाकघरांतून त्या वादाची चर्चा झाली, तेथें लोणचें चिनी मातीच्याच बरणींत मुरत होतें. फार मागें जावें तर कालिदासाच्या शाकुंतलांतहि चीनांशुक आहे. दूरदेशीची वस्तु घरांत रुळली कीं तिचें मूळगांव विचारण्याची आपली पद्धति नाहीं.

असो. एका शनिवारीं संध्याकाळीं आम्ही पांच जण निघालों : आमचे स्नेही वकीलसाहेब व वकीलवहिनी, रसायनशास्त्राचे प्रोफेसर, आमची सौ. आणि आम्ही. जिना चढतांना खालच्या दुकानांतील मिरचीचा खकाणा असा उसळला कीं, वकीलवहिनींनीं पायरीगणिक एक शिंक दिली. वर सहा टेबलें, भिंतीवर दलाई लामांची तसबीर, छताला पंचरंगी पताका आणि त्यांच्याच शेजारीं इतवारींतल्या एका धान्यव्यापाऱ्याची दिनदर्शिका.

आम्ही आपल्या नागपुरी हिंदींत चौकशी आरंभिली. तरुण हंसला आणि मराठींत म्हणाला, "मी तं इकडलाच आहो, काका. अर्जुनी मोरगावकडचा."

हें खरें होतें. १९५९ सालीं दलाई लामा भारतांत आले, त्यांच्या मागोमाग हजारों तिबेटी निर्वासित आले आणि त्यांच्यासाठीं देशांत ठिकठिकाणीं वसाहती झाल्या. त्यांपैकीं नॉर्ग्येलिंग ही वसाहत १९७२ सालीं आपल्या विदर्भांत स्थापन झाली. त्या वेळीं तो भाग भंडारा जिल्ह्यांत होता. १९९९ सालापासून तो गोंदिया जिल्ह्यांत मोडतो. नवेगांवबांधचें जंगल आणि तलाव ज्या तालुक्यांत आहेत त्याच तालुक्यांत ही मंडळी राहतात. थंडींत नागपुरांत स्वेटरांचे तिबेटी बाजार भरतात, ते सर्वांच्या परिचयाचे आहेत. पन्नास रुपयांसाठीं घासाघीस करतांना समोरची बाई कोठून आली हें विचारण्याचें गिऱ्हाइकास सुचत नाहीं. ती हिमालयांतून थेट आली असावी असेंच आपण धरून चालतों. हिमालयांतून आला तो या तरुणाचा आजा. बाप वसाहतींतच जन्मला, आणि हा स्वतः भाताच्या बांध्यांत खेळून मराठी शाळेंत शिकला.

पदार्थ मागविण्यापूर्वीं सौ.नें मुद्द्याचा प्रश्न केला : येथें मांस शिजतें, तेव्हां आमचें अन्न त्याच भांड्यांत होतें कीं वेगळ्या? उत्तर असें आलें : "काकू, मोमोचं भांडं वेगळं आहे, ते आत येऊन बघून घ्या. पण थुक्पाचा रस्सा आम्ही हाडं उकळूनच करतो. तुम्हाला पाहिजे तं साध्या पाण्यात भाज्या टाकून नवा करून देतो. वीस मिनिटं लागन." बाहेरच्या फलकावर 'शुद्ध' हा शब्द हातभर अक्षरांत रंगविणाऱ्या किती ठिकाणीं गिऱ्हाइकास इतकें खरें उत्तर मिळत असेल, याची आम्हांस शंका आहे. सौ. आंत जाऊन भांडें पाहून आली आणि आम्हीं वीस मिनिटें थांबण्याचें ठरविलें.

प्रथम मोमो आले. मैद्याची पातळ पारी, आंत बारीक चिरलेली कोबी, गाजर व कांदा, वर चुण्या घालून मिटलेलें तोंड, आणि मजल्यामजल्याच्या अॅल्युमिनियमच्या भांड्यांत दिलेली वाफ. कोंकणांतल्या वाचकभगिनींस उकडीचा मोदक आठवेल; आमच्या वैदर्भीय घरांत मोदक बहुधा तळणीचे, तरी कळी पाडण्याची कला तीच. वकीलवहिनींनीं एका मोमोच्या चुण्या मोजल्या, त्या अठरा भरल्या. पारी कडेला पातळ आणि मध्यें किंचित् जाड ठेवितात, म्हणजे बूड फाटत नाहीं, असें त्या तरुणानें सांगतांच दोघी बायकांनीं एकमेकींकडे पाहून मान डोलाविली. जणुं समव्यवसायी भेटला! बरोबरची चटणी सुक्या लाल मिरचीची व टोमॅटोची होती. "लय तेज आहे, जराशीच घ्या," हा इशारा प्रोफेसरांनीं मानला नाहीं. सावजी रश्शावर वाढलेला माणूस आपण, अशी त्यांची प्रौढी. परंतु त्यांनाहि दोनदां पाणी मागावें लागलें.

थुक्पा हा खरा पोटभरीचा पदार्थ. रुंद वाडग्यांत पालक, गाजर, आलें, लसूण यांचा पातळ गरम रस्सा आणि त्यांत लांब शेवया. आमच्याकडील वरणफळांचाच हा भाऊबंद. वरणाच्या जागीं रस्सा आला एवढेंच. लांब शेवयांचेंहि नवल वाटण्याचें कारण नाहीं. ज्या विदर्भांत काडीवर कणीक गुंडाळून सरगुंडे वळले व आमरसाबरोबर खाल्ले, तेथें कणकेच्या नाना आकारांशीं ओळख जुनीच आहे. हिंवाळ्यांतील रात्रीं हा वाडगा हातांत धरला तर शालीची गरज भासूं नये. चव साधी, किंबहुना आपल्या जिभेस थोडी अळणी. लिंबू पिळल्यावर मात्र खुलली.

टेबलावर काळ्या सोया सॉसची बाटली होती, तिच्यावर प्रोफेसरांनीं छोटेंसें व्याख्यानच दिलें. सोयाबीन व गहूं यांवर विशिष्ट बुरशी वाढवून तें मिश्रण मिठाच्या पाण्यांत महिनेन्‌महिने आंबवावयाचें, म्हणजे हा रस उतरतो. सोयाबीन आज विदर्भांतील एक मुख्य पीक आहे. आपण त्याचें तेल गाळतों, पेंड विकतों. पण हें आंबविण्याचें शास्त्र आपल्या स्वयंपाकघरांत शिरलें नाहीं. काकांच्या अजिनोमोटोचाहि निकाल त्यांनीं तेथेंच लाविला. टोकियोच्या किकुनाए इकेदा यांनीं १९०८ सालीं समुद्रशेवाळाच्या रसांतून तो रुचिकर अंश वेगळा केला. तोच अंश पिकलेल्या टोमॅटोंत निसर्गतःच असतो. १९६८ सालीं एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकांत एका डॉक्टरांचें पत्र छापून आलें, तेव्हांपासून जगभर त्याची धास्ती पसरली. पुढील प्रयोगांत ती तशी सिद्ध झाली नाहीं. काकांना हें पटणार नाहीं, हें आम्हांस तेव्हांच ठाऊक होतें.

वकीलसाहेबांनीं मंचुरियन मागविलें. तो तरुण पुन्हां हंसला : "हे आमचं नाही, काका. हे तुमच्या मुंबईचं." कलकत्त्यांत जन्मलेले चिनी वंशाचे आचारी नेल्सन वाँग यांनीं १९७५ च्या सुमारास मुंबईंत आलें-लसूण-हिरवी मिरची यांच्या फोडणींत सोया सॉस मिसळून कोंबडीचा हा पदार्थ प्रथम केला, असें सांगतात. कोंबडीच्या जागीं कोबी-फुलकोबीचे गोळे पुढें आपल्या लोकांनीं घातले. मांचुरियांत तो कोणास ठाऊक नाहीं. आमच्यापुढें आलेला मात्र बेताचा होता. पीठ जास्त, कोबी कमी.

खाणें संपत आलें आणि वकीलसाहेबांतील वकील जागा झाला. "तुझ्याजवळ कागद कोणता?" असें त्यांनीं विचारलें. कागद परकीयांच्या नोंदणीचा होता. ठराविक मुदतीनें नवा करून घ्यावा लागणारा. जन्म कधींचा? १९९८. वडिलांचा? १९७४, वसाहतींतच. वकीलसाहेबांनीं चमचा खालीं ठेविला. २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ पूर्वीं भारतांत जन्मलेला माणूस कायद्यानें जन्मतःच भारतीय नागरिक होतो. त्यानंतर डिसेंबर २००४ पर्यंत जन्मलेल्यास आईबापांपैकीं एक नागरिक असला म्हणजे पुरे. हा नियम तिबेटी निर्वासितांच्या मुलांसहि लागू आहे, असा निर्वाळा दिल्ली उच्च न्यायालयानें २०१० सालीं दिला आहे. "म्हणजे बाप भारतीय, आणि म्हणून तूहि भारतीय. अर्ज का करीत नाहींस?"

"माहीत आहे, काका," तो शांतपणें म्हणाला. "आमच्यातल्या काही पोरांनी पासपोर्ट काढले. पण मग वस्तीत राहता येत नाही म्हणतात." २०१७ सालीं पासपोर्टासाठीं ज्या अटी सरकारनें सांगितल्या, त्यांत नोंदणीचा कागद परत करणें आणि वसाहतींतील राहणें व सवलती सोडणें ह्या होत्या. थोडें थांबून तो पुढें म्हणाला, "आणि आजी म्हणते, सगळ्यांनीच कागद बदलला तं परत जायचं कोणी?"

त्यानें तिबेट पाहिलेलें नाहीं. त्याच्या बापानेंहि पाहिलेलें नाहीं.

यावर आमच्या टेबलाशीं जो वाद झाला तो जिना उतरून शहीद चौकापर्यंत चालला. वकीलसाहेबांचें म्हणणें असें कीं, हक्क हातचा असतां तो न घेणें हा वेडेपणा. उद्यां सरकारी धोरण पालटलें तर हा मुलगा कोठचाच राहणार नाहीं. वकीलवहिनी म्हणाल्या, "लग्नानंतर आमचं नाव बदललं, शिधापत्रिका बदलली, म्हणून माहेर सुटलं का?" "पण तुम्हीं माहेर पाहिलेलें असतें," वकीलसाहेब. "त्याच्या आजीनं पाहिलेलं आहे नं," वहिनी. प्रोफेसर दोन्ही बाजूंनीं बोलत होते, म्हणजे कोणत्याच नाहीं. आमचें मत वकीलसाहेबांकडे झुकतें. घर, दुकान, कर्ज या सर्व गोष्टी कागदावर चालतात आणि तीस वर्षांच्या आंतल्या कर्त्या मुलानें केवळ आठवणीवर संसार रचूं नये. परंतु ती आठवण ज्या म्हातारीची आहे, तिच्यासमोर बसून हें बोलण्याचें धैर्य आम्हांस होईल असें वाटत नाहीं.

हिशेब सांगावयाचा राहिला. मोमोच्या तीन बशा, थुक्प्याचे दोन वाडगे, परतलेल्या शेवया आणि मंचुरियन मिळून सातशें वीस रुपये झाले. दर माणशीं एकशें चव्वेचाळीस. पुतण्याचें गणित बरोबर निघालें. घरच्यांसाठीं मोमो बांधून घेतले ते वेगळे.

मातोश्रींना आम्हीं सर्व जसें घडलें तसें सांगितलें, हाडांच्या रश्शासकट. त्यांनीं चटणी न लावतां दीड मोमो खाल्ला, पारी छान झाली आहे पण मीठ कमी, असा अभिप्राय दिला आणि विचारलें, "त्याची आजी कुठे असते? वस्तीतच?" होय म्हटल्यावर कांहीं बोलल्या नाहींत. दुसऱ्या दिवशीं त्यांनीं बरणींतून लिंबाच्या लोणच्याची एक बाटली भरून ठेविली. ती पोंचविण्यापूर्वीं त्या आजींना आंबट चालतें कीं नाहीं तें मात्र विचारून या, असें आम्हांस बजावलें आहे.