दाखल्यांचे दिवस

सांगलीचे बिऱ्हाड इंदूरला हलवावयाचे ठरल्यापासून आठ दिवस मी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवीत आहे. शिधापत्रिकेतून नावे कमी करणे, मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला, ही कामे तशी लौकर उरकली. परंतु ज्या स्कूटरवरून हे सारे हेलपाटे घातले तिलाच परप्रांती नेण्यासाठी नमुना 28 भरून ‘ना हरकत’ मिळवावी लागते, आणि त्या अर्जावर चासीचा क्रमांक कागद दाबून पेन्सिलीने उमटवावा लागतो, हे कळताच भर उन्हात गुडघे टेकून, बारा वर्षांच्या त्या मूक सोबतिणीच्या अंगावरील धूळ पुसून, तिचे खरे नाव मी आज प्रथमच वाचले. अक्षरे पुसट उमटली म्हणून कारकुनाने अर्ज परत केला, तेही न्याय्यच. उद्या पुन्हा जाणे आहे; शिवाय दूधवाल्याचा हिशेब राहिलाच.