कारखान्याबाहेरची दुकाने आणि कर्जाचा कागद

पैनगंगेच्या खोऱ्यातल्या उमरखेडचा बाजार कापूस आणि ऊस या दोन पिकांवर चालत आला आहे. तालुक्यातला मोठा उद्योग म्हणजे पोफाळीचा वसंत सहकारी साखर कारखाना. मध्यंतरी काही हंगाम त्याचे गाळप बंद राहिले. असा कारखाना थांबला की शेतकऱ्याच्या उसाची आणि कामगाराच्या पगाराची चर्चा होते, आणि ती व्हायलाच हवी. मात्र कारखान्याच्या रस्त्यावरचे गॅरेज, टायरवाला, वेल्डिंगचे दुकान, चहाची टपरी आणि खानावळ यांची गणना कोणत्याच यादीत होत नाही. विदर्भातल्या तालुक्यांच्या गावी यांतले बरेच धंदे मुस्लिम कुटुंबांच्या हाती आहेत. कापसाच्या बाजूलाही तेच चित्र दिसते. पिंजारी कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या रुई पिंजून गाद्या भरल्या. फोमच्या तयार गाद्या आल्या आणि ते कौशल्य बाजारातून मागे पडले.

अशा धंद्यांना भांडवल मिळावे म्हणून अल्पसंख्याकांसाठी सरकारी योजना आहेत, पण त्यांच्याभोवती दोन गैरसमज आहेत. अल्पसंख्याक म्हणजे फक्त मुस्लिम, हा समज सार्वत्रिक आहे आणि चुकीचा आहे. केंद्राच्या यादीत मुस्लिम, ख्रिस्ती, शीख, बौद्ध, पारशी आणि २०१४ पासून जैन असे सहा समाज आहेत. म्हणजे विदर्भातला बौद्ध शिलाईकामगारही या योजनांचा हक्कदार ठरतो. दुसरा समज याहून घातक आहे : या योजनांतून मिळतो तो फुकटचा पैसा आहे. प्रत्यक्षात यातली बहुतेक मदत म्हणजे व्याजासह फेडायचे कर्ज असते.

योजनांची परंपरा बरीच जुनी आहे. राष्ट्रीय अल्पसंख्याक विकास व वित्त महामंडळ १९९४ मध्ये स्थापन झाले, राज्याचे मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ २००० मध्ये. २००६ च्या पंतप्रधानांच्या नव्या १५ कलमी कार्यक्रमाने बँकांच्या अग्रक्रम कर्जांत अल्पसंख्याकांचा योग्य वाटा असावा असे ठरवले. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात अल्पसंख्याक अर्जदाराला शहरात प्रकल्पखर्चाच्या २५ टक्के आणि ग्रामीण भागात ३५ टक्के अनुदान मिळते. स्वतःचे फक्त ५ टक्के घालावे लागतात. मुद्रा योजना २०१५ ची. तिच्या ‘शिशु’ गटाची मर्यादा ५० हजारांची. २०२३ ची विश्वकर्मा योजना १८ पारंपरिक व्यवसायांसाठी आहे. त्यांत लोहार, शिंपी, न्हावी, गवंडी आहेत. पिंजारी मात्र नाही. कापसाच्या जिल्ह्यात ही उणीव खटकते.

एवढ्या योजना असूनही कर्ज कमी का पोहोचते, यावर एक जुना वाद आहे. बँकेच्या टेबलावर ठरलेले उत्तर ऐकू येते : ‘हे लोक व्याज नको म्हणतात.’ व्याज निषिद्ध मानणारी कुटुंबे आहेत आणि त्यांच्या श्रद्धेचा मान राखलाच पाहिजे. रघुराम राजन समितीने २००८ मध्ये बिनव्याजी बँकिंगची शिफारस केली होती; रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये तो विषय पुढे न नेण्याचे ठरवले. परंतु मूळ दुखणे व्याजाचे नाही. सच्चर समितीचा २००६ चा अहवाल पाहावा. बँकांच्या अग्रक्रम कर्जखात्यांत मुस्लिमांचा वाटा सुमारे १२ टक्के होता, येणे रकमेत मात्र ५ टक्क्यांहूनही कमी. २००१ च्या जनगणनेत मुस्लिमांचे प्रमाण १३.४ टक्के होते. व्याजामुळे लोक दूर राहिले असते तर खात्यांची संख्याच एवढी दिसली नसती. लोक बँकेत आले, कर्जदारही झाले. त्यांना मिळालेली रक्कम तेवढी लहान राहिली. काही बँकांनी मुस्लिमबहुल वस्त्यांना नकारात्मक क्षेत्र मानल्याची नोंदही याच अहवालात आहे. हे आकडे समोर असताना दोष श्रद्धेवर ढकलणे हा अन्याय आहे.

रक्कम लहान का राहते, याचे उत्तर कागदांत सापडते. जुन्या मोहल्ल्यातले घर आजोबांच्या नावावर असते, वारसनोंद झालेली नसते, दुकानाचा भाडेकरार तोंडी असतो. सूक्ष्म आणि लघुउद्योगांच्या ठरावीक मर्यादेपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. २००० पासून पतहमी निधीही आहे. तरीही शाखेत पहिला प्रश्न तारणाचाच येतो. राज्याच्या महामंडळाकडे गेले तर नोकरदार किंवा मालमत्ताधारक जामीनदार लागतो. ज्याच्या नात्यात एकही पगारदार नाही, त्याने तो कुठून आणायचा?

दुसरी अडचण हप्त्याची. उसाच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या गॅरेजचा धंदा गाळपावर चालतो. गाळप दिवाळीच्या आसपास सुरू होते आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी थांबते. त्यातही बरेच काम उधारीवर. वाहतुकीचे बिल निघाल्यावर गाडीमालक पैसे देतो. बँकेचा हप्ता मात्र बाराही महिने सारखा. हप्ता नव्वद दिवसांहून अधिक थकला की खाते अनुत्पादक ठरते आणि पुढच्या कर्जाची वाट बंद होते. पीककर्जाची मुदत पिकाच्या हंगामाशी जोडण्याची पद्धत बँकांना चांगली ठाऊक आहे. त्याच हंगामावर जगणाऱ्या कारागिराला ती नाकारण्यास सबळ कारण नाही.

यंत्रासाठी कर्ज आणि खेळत्या भांडवलासाठी काही नाही, ही तिसरी अडचण. वेल्डिंगचे यंत्र येते, पण लोखंड आणि कांड्या उधारीवर घ्याव्या लागतात आणि नफा पुरवठादाराकडे जातो. म्हणून मंजुरीच्या वेळीच दोन्ही रकमा एकत्र ठरवाव्यात. जिल्ह्याच्या बँक आढाव्यात मंजूर प्रकरणांच्या संख्येसोबत तालुकावार सरासरी रक्कम आणि नाकारलेल्या अर्जांची कारणेही मांडावीत. यासाठी नवा कायदा लागत नाही. अग्रणी बँकेच्या तक्त्यात दोन रकाने वाढवावे लागतात.