चढलेला आकडा

मधुमेहाने अण्णांच्या पायाची संवेदना कधीच गेली होती. तळव्यात खिळा रुतला ते कळलं मोजा ओला लागला तेव्हा. सर्जननी पू काढला, मेलेली कातडी कापली. ऑपरेशनआधी सीआरपी ९६ होता, तो दुसऱ्या दिवशी १४१ झाला. पाच-दहाच्या आत हवा असलेला आकडा! रिपोर्ट घेऊन मी तडक केबिन गाठली.

"कापलं म्हणजे तीही जखमच झाली. आता चढणारच. पुढचा रिपोर्ट बघू," सर्जन शांतपणे म्हणाले.

सीआरपी हे यकृतात तयार होणारं प्रथिन. शरीरात कुठेही दाह झाला की ते रक्तात वाढतं, शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन दिवस चढत राहतं. दाहाचं मूळ गेलं की उतरतंही झपाट्याने, कारण रक्तातलं निम्मं सीआरपी साधारण १९ तासांत नाहीसं होतं. उतरायला लागलेला आकडा पुन्हा चढला, तर मात्र संसर्गाचा संशय घ्यायचा.

पुढचे आकडे उतरतच गेले.

दवाखान्यातल्या जागरणांत मी मेचनिकॉफ या शास्त्रज्ञाबद्दल वाचलं. १८८२ साली सिसिलीतल्या मेसिना गावी त्याने तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा खुपसला. सकाळी पाहतो तर काट्याभोवती पेशींनी गर्दी केलेली. या शोधाच्या वाटेने त्याला १९०८ साली नोबेल मिळालं. आपल्या जखमेतही आधी प्लेटलेट रक्त थांबवतात, मग काही तासांत न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी जंतूंवर तुटून पडतात. मागून येणाऱ्या मॅक्रोफेज पेशी मेलेला कचरा गिळतात आणि नवं मांस धरायला लावतात. मधुमेहात हा शेवटचा टप्पा रखडतो, जखम दाहातच अडकून राहते.

"अण्णांना भात देऊ नका, पू होतो," शेजारच्या काकूंनी बजावलं होतं. पू म्हणजे मुख्यतः मेलेले न्यूट्रोफिल. तो भातातून येत नाही. पण साखर चढली की याच पेशी मंदावतात, तेव्हा काकूंना अगदीच खोडून काढता येईना. भात मोजून वाढू लागलो.

ईएसआर, म्हणजे दाहाचाच दुसरा आकडा, अजून जास्तच आहे. तो सावकाश उतरतो, आठवडेही लागतात. जखमेत मात्र लालसर दाणेदार मांस धरलंय. घरात मधुमेही असेल तर रोज रात्री त्यांचे तळवे बघा, आणि जखम दिसली तर दुखत नाही म्हणून थांबू नका.