सांचे गेले, आगटी आली

भिवंडीत शेकोटीची हौस सांगितली की लोक हसतात. इथली थंडी मोजून सहा-सात आठवड्यांची. डिसेंबरच्या मध्यापासून पहाटे अंगावर चादर लागते, कामवारी नदीच्या बाजूला धुकं दिसतं आणि फेब्रुवारीत पंखे पुन्हा सुरू होतात. एवढ्यासाठी अंगणात पक्की आगटी बांधायची, भोवती बैठक करायची, हे आमच्या नातेवाइकांना पैसे उधळणं वाटलं. एका बुजुर्गांनी तर इस्राफ हा शब्दही वापरला. म्हणून ही बैठक का केली, कशी केली आणि तिला काय लागलं, ते इथे लिहीत आहोत. ज्यांच्या घरामागे अशी जागा रिकामी पडली आहे, त्यांच्या उपयोगी पडेल.

आमची जागा रिकामी झाली ती सांचे गेल्यामुळे. घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये अब्बांचे बारा सांचे होते. सूत महागलं, विजेचं बिल वाढलं, कोऱ्या कपड्याला भाव मिळेना. ही कहाणी भिवंडीतल्या वाचकांना नव्याने सांगायला नको. सांचे भंगारात किलोवर गेले. पत्रे गंजले होते, तेही उतरवले. मागे राहिला सिमेंटचा चौथरा आणि शांतता.

ज्या घरात तीस-पस्तीस वर्षं दोन पाळ्यांत खटखट चालली, तिथे शांतता सोसत नाही. सांच्यांच्या आवाजात उभं राहून अब्बांचे कान मंद झाले आहेत. लूमवर उमर काढलेल्या अनेकांचं असंच होतं. ते मोठ्याने बोलतात. शेड चालू होती तोवर ते कुणाला जाणवलं नाही, कारण तिथे सगळेच ओरडून बोलत. शेड उतरल्यावर मात्र ते त्यांचं त्यांनाच जाणवलं आणि ते बोलायचे थांबले. इशाची नमाज पढून आले की सरळ खोलीत. कानाचं यंत्र आणलं, ते डबीतच राहिलं. जेवताना नातवंडं काही विचारत, अब्बा नुसती मान हलवत. थंडीचं निमित्त होतं. खरी अडचण ही होती.

कल्पना थोरल्या भाईजानची. उत्तर प्रदेशातून आलेले कारागीर रात्रपाळीत शेडबाहेर लाकडं पेटवून बसत. कुणी त्याला अलाव म्हणे, कुणी कौडा. आपल्या मराठीत शेकोटी किंवा आगटी. चहाच्या वेळेला अब्बा त्यांच्यात जाऊन बसत आणि गावाकडच्या गोष्टी ऐकत. भाईजान म्हणाले, "शेडच्या जागी तीच गोष्ट कायमची करू या."

अम्मींनी नकार दिला. त्यांचं कारण थंडीचं किंवा खर्चाचं नव्हतं. मे १९८४ मध्ये भिवंडी पेटली तेव्हा आम्ही अम्मींच्या कडेवर होतो. गच्चीवरून त्यांनी जे पाहिलं, ते त्या आजही पूर्ण सांगत नाहीत. त्याआधी १९७० ची दंगल त्यांच्या सासरच्यांनी सोसली होती. या शहरात रात्री धूर दिसला की म्हाताऱ्या माणसांच्या पोटात गोळा येतो, मग तो कुणाच्याही घराचा असो. १९८८ मध्ये पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी दोन्ही समाजांच्या माणसांना एकत्र बसवून मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली, त्यात या कमिट्यांचा मोठा वाटा होता. अब्बा त्या बैठकांना जात. अम्मींना हे सगळं आठवतं, म्हणूनच त्यांनी बऱ्याच दिवसांनी होकार दिला तो तीन अटींवर. पेटवण्याआधी पाण्याची भरलेली बादली आणि वाळूचं घमेलं जवळ पाहिजे. झोपण्याआधी निखारासुद्धा उरता कामा नये. आणि पहिल्यांदा पेटवण्याआधी आजूबाजूच्या सगळ्या घरांत जाऊन सांगायचं की धूर दिसेल तो आमच्या शेकोटीचा आहे, घाबरू नका आणि बसायला या.

दुसरी अट तर आपल्याला दीनानेच घातली आहे. झोपताना घरात आग जळती ठेवू नये, ही ताकीद हदीसमध्ये स्पष्ट आहे. तिच्यामागचं एक कारण आम्ही शाळेत मुलांना शिकवतो. धुमसत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला ना रंग, ना वास. म्हणून निखाऱ्यांचं घमेलं उबेसाठी बंद खोलीत कधीही नेऊ नये. झोपेतच माणूस जातो.

आता बांधकाम. आगटी घराच्या भिंतीपासून १२ फूट दूर घेतली. वर झाडाची फांदी नाही, विजेची तार नाही, याची खात्री केली. चौथऱ्याच्या कोपऱ्यांत वर्षानुवर्षांची रुई चिकटलेली होती, ती आधी खरवडून काढली. ठिणगीला ती बारुदासारखीच. आतला व्यास ३ फूट, कठड्याची उंची सव्वा फूट. आतला थर भट्टीच्या अग्निरोधक विटांचा, बाहेरचा आपल्या तालुक्यातल्या वीटभट्टीच्या साध्या लाल विटांचा. तळाशी ६ इंच खडी आणि पाणी निघून जायला पाइप, कारण कोकणचा पाऊस आगटीची विहीर करून टाकतो. कठड्याच्या तळाशी चार बाजूंना एकेक वीट सोडून भोकं ठेवली. खालून हवा मिळाली की लाकूड नीट जळतं, धूर कमी होतो. मुलांनी नदीतले गोटे आणले होते शोभेसाठी. ते आगीजवळ लावू दिले नाहीत. पाणी मुरलेला दगड तापला की आतल्या वाफेने फुटतो आणि कपच्या उडतात. ते गोटे आता झाडांच्या आळ्याभोवती आहेत.

बैठक गोल केली, आणि ती अब्बांसाठी. कमी ऐकू येणारा माणूस निम्मं ऐकणं डोळ्यांनी करतो. ओळीत बसलं की त्याला शेजाऱ्याचा कानच दिसतो, गोलात मात्र प्रत्येकाचे ओठ दिसतात, आणि मध्ये जाळ असला की चेहऱ्यांवर उजेड पडतो. कठड्यापासून साडेतीन फुटांवर दीड फूट उंचीची बैठक. आमच्या अंगणात हिवाळ्यात रात्री वारा पूर्वेकडून येतो, धूर पश्चिमेला जातो. तिकडे मोकळी जागा आहे, म्हणून ती बाजू बसण्याविना उघडी सोडली. जमिनीवर शहाबादी फरशी, तीही आगीपासून लांब.

बसायला लाकडी पॅलेट वापरले. भिवंडीभोवती गोदामं इतकी झाली आहेत की जुने पॅलेट स्वस्तात मिळतात. पण घेताना त्यांवरचा शिक्का बघावा. ‘एचटी’ म्हणजे लाकूड उष्णतेने निर्जंतुक केलेलं, ते चालतं. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं. ते बसायलाही नको आणि जाळायला तर मुळीच नको. आम्ही जाळतो ती वाळलेली आंब्याची आणि बाभळीची लाकडं, नारळाच्या करवंट्या आणि दोन-चार गोवऱ्या. चिंध्या, प्लास्टिक, रंगवलेलं लाकूड नाही. आपल्या गावात चिंध्यांचा तोटा नाही, पण आता बहुतेक कापडात पॉलिस्टर असतं आणि त्याचा धूर छातीत जातो. रस्त्यावर आणि सार्वजनिक जागेत कचरा जाळायला तर २०१६ च्या घनकचरा नियमांनीच मनाई केली होती. राष्ट्रीय हरित लवादाने त्याच वर्षी डिसेंबरात ५ हजार रुपये दंडही ठरवून दिला.

सजावटीला बाजारातून काही आणलं नाही. भंगारवाल्याने लाकडी धोटे घेतले नव्हते. घासून, तेल लावून ते भिंतीवर ठोकले. त्यांवर आता टोप्या आणि कंदील टांगतो. रिकाम्या कांड्या दोरीत ओवून भाभींनी तोरण केलं. शेडच्या शेवटच्या ताग्याच्या कोऱ्या सुती कापडाच्या गाद्या शिवल्या, त्यांवर अम्मींच्या हातच्या चिंध्यांच्या गोधड्या. सुती कापड मुद्दाम. ठिणगी पडली तर सुताला भोक पडतं, नायलॉन वितळून कातडीला चिकटतं. मुलींनी शेकोटीजवळ नायलॉनची ओढणी घेऊ नये, हा घरात नियम आहे.

गवंड्याची दोन दिवसांची मजुरी, विटा, खडी, फरशी, पॅलेट मिळून साडेनऊ हजार लागले. बाकी हात घरचेच.

पहिल्या रात्री शेजारची चार घरं आली. पद्मानगरहून अब्बांचे जुने तेलुगू जॉबर आले. त्यांचे कानही अब्बांसारखेच. दोघे समोरासमोर बसले आणि शेडमध्ये बोलत तसे ओरडून बोलायला लागले. कुठल्या वर्षी कुठल्या सांच्याचा कोणता गियर तुटला, इथपासून सुरुवात. मुलं हसली, तरी कुणी उठलं नाही. अब्बा त्या रात्री दीड तास बोलले. ताणा म्हणजे काय, बाणा कसा भरतात, तुटलेली तार अंधारात बोटांनी कशी शोधायची. या घरात कापडावर वाढलेल्या मुलांनी यातलं काहीच ऐकलेलं नव्हतं. धाकट्याने भिंतीवरचा धोटा उतरवून त्यांच्या हातात दिला.

जानेवारीत आमचे रायगडकडचे पाहुणे आले, त्यांनी पोपटी लावली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, आणि मडकं उपडं करून भोवती जाळ. शेजारच्या शाकाहारी घरासाठी शेंगांचं आणि रताळ्यांचं मडकं वेगळं लावलं. इस्राफ म्हणणारे बुजुर्गही आले होते. त्यांनी हिशेब विचारला, आम्ही सांगितला. त्यावर काही बोलले नाहीत. रताळी मात्र आवडीने खाल्ली.

अम्मी अजून जाळाकडे पाठ करून बसतात. बादली त्या स्वतः भरतात आणि शेवटचा निखारा विझेपर्यंत उठत नाहीत. ते तसंच राहू दे, असं आम्ही ठरवलं आहे.

पावसासाठी आगटीवर पत्र्याचं झाकण केलं. ते बसवताना अब्बांनी विचारलं, मग जून ते सप्टेंबर बसायचं कुठे? आग नसली तरी चालेल, म्हणाले, जागा पाहिजे. तेव्हा बैठकीच्या भिंतीकडच्या अर्ध्या भागावर, आगटीवर नाही, छप्पर घालायचं आहे. शेडचे तीन-चार पत्रे बरे निघाले होते, ते ठेवलेले आहेत.