लंडनहून दादास

लंडन, शनिवार

प्रिय दादास,


होबर्न स्टेशनजवळ लिंकन्स इन फील्ड्स म्हणून एक चौक आहे. तिथलं १३ नंबरचं घर आज पाहिलं. ते सर जॉन सोन यांचं. गवंड्याचा हा मुलगा पुढे ४५ वर्षं बँक ऑफ इंग्लंडचा वास्तुविशारद होता. १७९२मध्ये त्यांनी शेजारचं १२ नंबर घेतलं, मग १३, मग १४, आणि १८३७मध्ये वारेपर्यंत घरात तोडफोड चालूच. (वहिनीला हे वाचून दाखवू नकोस.)

न्याहारीची खोली एवढीशी. वर उथळ घुमट, पण तो खोलीभर पसरलेला नाही. दोन बाजूंना जागा सोडून वर झरोके काढलेत, त्यामुळे टेबलाशी बसलं की झरोका दिसत नाही, नुसता उजेड भिंतीवरून उतरताना दिसतो. घुमटात नि कमानींत फुगीर आरसे बसवलेत. प्रत्येकात अख्खी खोली, आणि तळाशी बोटभर उंचीची मी! बाहेर आभाळ मळकट होतं, आत मात्र उन्हं कललेली. झरोक्यांना पिवळी काच आहे ना. तरुणपणी इटलीत पाहिलेलं ऊन सोनना लंडनमध्ये हवं होतं.

रविवार

काल चित्रांच्या खोलीचं राहिलंच. जेमतेम तेरा-चौदा फुटांची खोली, चित्रं शंभराच्या वर. भिंती म्हणजे कपाटाची दारंच. राखणदाराने एक उघडली तर आत आणखी चित्रं, त्यामागची उघडली तर थेट खालच्या मजल्यावरचा उजेड! होगार्थची आठ चित्रांची मालिका अशाच फळ्यांवर आहे. तळघरात इजिप्तच्या सेती राजाची दगडी शवपेटी. १८२५च्या मार्चमध्ये सोननी तीन संध्याकाळी पाहुणे बोलावून ती दिव्यांच्या उजेडात दाखवली होती.

सगळंच आवडलं असं नाही. पुतळे इतके दाटलेत की कोपरं आवरून चालावं लागतं, आणि तिथे उजेडाची गंमत हरवते. धाकट्या मुलाशी सोन यांचं वैर होतं, घर त्याच्या हाती पडायला नको होतं. १८३३मध्ये संसदेकडून कायदाच करून घेतला, घर आहे तसं राहावं म्हणून. बघायला तिकीट नाही.

आता आपल्या घराचं. कंत्राटदार माजघरात फॉल्स सीलिंग टाकू म्हणतोय ना? त्याला थांबव. आजोबांनी बसवलेलं काचेचं कौल त्याआड जाईल, आणि वरून येणारा उजेडही. दिवे काय घ्यायचे ते मी आल्यावर ठरवू.

तुझी,
धाकटी